काकांनी नापास केलेल्या बॅटऱ्या

बॅटरी विकत घेणारी माणसं पृथ्वीच्या पाठीवर कोट्यवधी असतील, पण बॅटरी पास करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो पाच वर्षं माझा रूम पार्टनर होता. बॅटरी म्हणजे आपली खिशातली, बटण दाबलं की उजेड देणारी. तिला विजेरी म्हणतात हे शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं, पण पुण्याजवळच्या उरवड्यात तो शब्द कुणाच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. आमचे हे पार्टनर माझ्याहून अठ्ठावीस वर्षांनी मोठे. मूळचे बार्शीकडचे. बायको आणि कॉलेजातली मुलगी तिकडे, आणि हे इथं उरवड्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात. कारखान्यात साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना काका म्हणत. दोन हजार चारच्या सुमाराला मी परभणीहून डिप्लोमा करून त्याच खात्यात शिकाऊ म्हणून लागलो. खोली काही मिळेना, तेव्हा साहेबांनी मला काकांच्या खोलीत टाकलं. "काका, पोरगा गरीब आहे," साहेब म्हणाले. काकांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "ठेवून बघू की महिनाभर."

काकांच्या शर्टाच्या खिशात चार वस्तू कायम असत. सहा इंची स्टीलची पट्टी, लाल-निळी पेन्सिल, एक छोटी डायरी आणि बॅटरी. पट्टीशिवाय मी त्यांना फक्त अंघोळीला जाताना पाहिलं आहे. बॅटरी तेव्हाही बरोबर असे, साबणाच्या डबीत. अंघोळीला बॅटरी कशाला, असं मी पहिल्या आठवड्यात विचारलं, तर त्यांनी मला मोरीच्या कोपऱ्यात उकिडवं बसवलं आणि दिवसाढवळ्या त्या बॅटरीच्या उजेडात नळाच्या मागची एक बारीक गळती दाखवली. "अंधार काय सूर्य मावळल्यावरच होतो होय रे? मोरीत आहे, सिलिंडरच्या मागं आहे, तुझ्या त्या पेटीत तर भरदुपारी आहे. ज्याच्या खिशात बॅटरी नाही त्यानं अर्धी दुनिया बघितलेलीच नाही." मला ते पटलं की नाही कोण जाणे, पण गळती मात्र मीच दुरुस्त केली.

माझ्या वडिलांनी मला निघताना परभणीच्या स्टँडवरून एक बॅटरी घेऊन दिली होती. लाल प्लॅस्टिकची, देखणी. पहिल्याच संध्याकाळी काकांनी ती मागून घेतली, उलटीसुलटी केली, बटण चार वेळा सरकवलं आणि विचारलं, "नखं वाढवतोस का?" मी म्हटलं, नाही. "मग ही तुझ्या कामाची नाही. हिला नख लागतं." असं म्हणून त्यांनी पेटीतून सुतळी ओवलेलं एक लाल लेबल काढलं आणि माझ्या वडिलांच्या बॅटरीच्या गळ्यात बांधलं. आमच्या कारखान्यात मालाला अशी लेबलं लागत. पास मालाला हिरवं, नापासाला लाल, आणि काही ठरत नसेल तर पिवळं. पिवळ्याला होल्ड म्हणत. म्हणजे माल जागचा हलायचा नाही, पुन्हा तपासला जाईल, आणि ज्यानं थांबवला तोच तो सोडेल. कारखान्यातली शिल्लक लेबलं काका घरी आणत आणि बॅटऱ्यांना लावत. नापास बॅटरी मालकाला परत मिळत नसे, ती खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत जाई. "परत दिली की तू चोरून वापरणार," ते म्हणाले. मी खरंच वापरली असती, म्हणून गप्प बसलो.

बॅटरीची परीक्षा साधारण पंधरा दिवस चाले. आधी आठ दिवस ती नुसती खिशात. हौदातून पाणी काढताना, स्टोव्हला पंप मारताना, चपलेचा अंगठा लावताना माणूस वाकतो, तेव्हा बॅटरी खिशातून खाली आली की संपलं. एक बॅटरी हौदात पडली, तर तळाशी तशीच पेटलेली राहिली. काका हौदावर ओणवे होऊन बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी डायरीत लिहिलं, 'पाण्यात उत्तम. खिशात नालायक.' लाल लेबल. दुसरी एक आपोआप लागायची. पिरंगुटहून येताना भरल्या जीपमध्ये काकांच्या पांढऱ्या शर्टातून छाती उजळली आणि समोरची म्हातारी हात जोडायला लागली. काकांनी तिथल्या तिथं डायरी काढून वेळ लिहिली. मग ओल्या हाताची परीक्षा, मग साबणाच्या हाताची. मग दाताची. काकांचं म्हणणं, खऱ्या अडचणीच्या वेळी माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असतात, तेव्हा बॅटरी दातात धरता आलीच पाहिजे. त्यामुळे त्यांच्या डायरीत वजन, लांबी, सेल किती तास चालले, यांच्याबरोबर चवीचाही रकाना होता. रबराच्या एका बॅटरीपुढे 'चव: जुनी चप्पल' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. खाली पाडायची परीक्षा मात्र त्यांनी छातीच्या उंचीवरूनच ठेवली होती. गच्चीवरून टाकून बघा की, असं कुणी म्हणालं की ते चिडत. "बॅटरी हातातून पडते. गच्चीवरून बॅटरी टाकणाऱ्या माणसाला उजेडाची नाही, डॉक्टरची गरज आहे."

शेवटची परीक्षा घ्यायच्या त्या आक्का, आमच्या घरमालकीणबाई. त्यांच्या दोन म्हशी, भाताची चार खाचरं आणि भाड्याच्या सहा खोल्या. काका नवी बॅटरी त्यांच्या हातात ठेवत आणि काही न सांगता मागे सरत. बटण कुठं आहे हे आक्कांना किती वेळात सापडतं ते घड्याळात बघत. "आपल्याला कळून काय उपयोग? बॅटरी ऐन वेळी दुसऱ्याच्याच हातात असते," असं त्यांचं तत्त्व. आक्का धारा काढता काढता बॅटरी दाबायच्या, पिळायच्या, एकदा तर त्यांनी ती गोठ्याच्या खांबावर आपटली. "ह्याचं बटण कुटं हाय? न्हाईच वाटतं. कंपनीवाला इसरला," असं म्हणून परत दिली. ती बॅटरी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली, भारीतली. काकांनी मान डोलावत लाल लेबल बांधलं.

हळूहळू काकांचं नाव झालं. आजूबाजूच्या खोल्यांतली पोरं बॅटरी घ्यायच्या आधी त्यांना विचारायला येत आणि घेतल्यावर तपासायला आणून देत. आक्कांच्या भावानं शेजारच्या चांदे गावातली जमीन विकली होती आणि हातात नवीन गाडी आली होती. तो एकदा दुधी भोपळ्याएवढी बॅटरी घेऊन आला. डोंगरावरचा ससा दिसतो म्हणाला. काकांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. "खिशात घालून दाखवा," एवढंच म्हणाले. त्यानं विजारीच्या खिशात घालून दाखवली, आणि मग विजार दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. तो गेल्यावर काका मला म्हणाले, "लांबचं बघायला सगळ्यांना पाहिजे. माणूस अडखळतो तो पायाजवळ."

पास झालेली बॅटरी माझ्या माहितीत एकच होती. त्यांची स्वतःची, ॲल्युमिनियमची, दोन पेन्सिल सेलवर चालणारी, पेनासारखी खिशाला अडकणारी. तिला हिरवं लेबल होतं आणि ते लेबल बोटं लागून लागून काळं पडलं होतं. हीच बॅटरी ते कारखान्यात वापरत. आमच्याकडे गाड्यांच्या ब्रेकमधला एक ओतीव भाग तयार व्हायचा, आतून पोकळ. त्या पोकळीत केसाएवढी चीर राहिली तर बाहेरून काही कळत नाही. काका एकेक नग डाव्या हातात फिरवत, उजव्या हातानं बॅटरी आत मारत आणि डोळा बारीक करून बघत. दिवसाला शेकडो. कंटाळून मी एकदा दोन नग न बघताच पुढे सरकवले. ते त्यांनी पाहिलं. ओरडले नाहीत. दोन्ही नग माझ्या हातात परत दिले आणि म्हणाले, "ताम्हिणी घाटाच्या उतारावर कुणीतरी बायकापोरं घेऊन यावर पाय ठेवणार आहे. त्याला तुझं नाव माहीत नाही, म्हणून तू सुटशील." त्यानंतर मी न बघता नग पुढे सरकवला नाही. त्याच टेबलावर त्यांनी मला दुसरं एक शिकवलं. सगळा माल एकाच खोटीनं नापास व्हायला लागला की मालावर संशय घ्यायचा नाही, आधी आपलं गेज, म्हणजे मापाचं साधन, तपासायचं. आणि गेज बिघडलेलं निघालं, तर ते आधी बाजूला ठेवायचं आणि ते शेवटचं बरोबर होतं त्या दिवसापासून त्यानं पास केलेला सगळा माल पुन्हा तपासायचा. हे मी परीक्षेतल्या उत्तरासारखं पाठ केलं होतं.

मग ती भारनियमनाची वर्षं आली. रोज संध्याकाळी उरवडं काळोखात बसायचं, आणि बाजारात पांढऱ्या उजेडाच्या नव्या बॅटऱ्यांचा सुळसुळाट झाला. काका लहान मुलासारखे हरखले. दर रविवारी पुण्याला जाऊन कुणा ना कुणासाठी एखादी घेऊन यायचे. पण एका दिवाळीनंतर बघावं तर सगळ्याच नापास व्हायला लागल्या. खिशात पास, दातात पास, आक्कांच्या हातात पास, आणि नेमक्या उजेडाला नापास. डायरीत एकच शेरा, 'कडं पडतं.' काकांना प्रत्येक उजेडाभोवती एक धुरकट कडं दिसत होतं. अकरा बॅटऱ्या ओळीनं पेटीत गेल्या. संक्रांतीच्या सुमाराला त्यांनी आपली ॲल्युमिनियमची बॅटरी भिंतीवर मारली, बराच वेळ बघत बसले, आणि तिचं ते काळवंडलेलं हिरवं लेबल सोडून लाल बांधलं. "हिलापण कडं पडायला लागलं रे. म्हातारी झाली," असं म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून कारखान्यातली एक बॅटरी घेऊन काम करू लागले. मी खाटेवर बसून हे सगळं बघत होतो आणि मला सगळं कळलं होतं.

कळलं होतं हे मी कबूल करतो. डायरी त्यांच्या डोळ्यांपासून वीतभर लांब गेली होती. भाजीत जिऱ्याऐवजी ओवा पडत होता. अकरा कंपन्यांच्या बॅटऱ्यांना एकच खोट असू शकत नाही, हे तर त्यांनीच मला शिकवलं होतं. पण मी मूग गिळून बसलो. त्यांना निवृत्त व्हायला अडीच वर्षं होती. मुलीचं शेवटचं वर्ष होतं. डोळ्यांची तक्रार निघाली की तपासणीचं टेबल जाणार हे खात्यात सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या टेबलाशिवाय काका ही कल्पनाच मला सहन होईना. जूनमध्ये कारखान्याचे डॉक्टर सगळ्यांचे डोळे तपासायला येतात, तेव्हा कळेलच, मी कशाला तोंड उघडू, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यांच्या मागे बसून त्यांचे थोडे नग गुपचूप मी पुन्हा बघतही होतो. पण सगळे कुठून बघणार?

तोंड उघडलं ते आक्कांनी, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. एका संध्याकाळी वीज नेहमीसारखी गेली, आम्ही ओट्यावर बसलो होतो, आणि काकांनी बारावी बॅटरी आक्कांच्या हातात दिली. आक्कांनी चटकन लावली, म्हशीच्या तोंडावर मारली आणि म्हणाल्या, "ही झ्याक हाय बगा. ठिवा." काका म्हणाले, "नाही आक्का, हिला कडं पडतंय." आक्का वैतागल्या. "दिवाळीपासनं तुमचं त्येच. कडं पडतंय, कडं पडतंय. समद्या ब्याटऱ्या खराब, आन तुमचं डोळं तेवढं चांगलं व्हय? मला तर न्हाई दिसत कडं-बिडं." एवढं बोलून त्या दुधाची किटली घेऊन आत गेल्या.

काकांनी डोळे चोळले आणि पुन्हा बघितलं. बॅटरी तशीच पेटलेली ओट्यावर पडली होती. मग त्यांनी मला विचारलं, "तुला दिसतंय का कडं?" मी खाली बघून म्हटलं, "नाही." "आणि आधीच्या अकरांना?" "नाही काका." "तुला कधीपासून माहीत आहे?" मी म्हटलं, दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी शंका आली. मला वाटलं ते हादरतील, डोळ्यांचं काय होणार म्हणून विचारतील, मुलीचं नाव काढतील. मी धीर द्यायची दोन वाक्यंही जुळवून ठेवली होती. पण काकांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "आणि तू माल जाऊ दिलास?"

त्या रात्री ते आपली थाळी घेऊन ओट्यावर जाऊन जेवले. सकाळी उठून पाहतो तर माझ्या खाटेच्या दांडीला पिवळं लेबल बांधलेलं. त्यावर त्यांच्या तिरक्या अक्षरात, 'होल्ड. कारण: कळत होतं, बोलला नाही.' काका माझ्या आधीच कारखान्यात गेले होते. मी धावत पोचलो तेव्हा ते साहेबांच्या केबिनमध्ये उभे होते आणि त्यांच्या शर्टाच्या गुंडीला लाल लेबल लोंबत होतं. त्यावर त्यांनी नीट भरून आणलं होतं, 'साधन: डोळे, नग दोन. दोष: कडं पडतं. कधीपासून: दिवाळी.' साहेबांना आधी हसू आलं आणि मग काका काय मागताहेत ते कळल्यावर घाम फुटला. दिवाळीपासूनचा सगळा माल पुन्हा तपासायचा, आणि गिऱ्हाइकाकडे गेलेला माल तिथं जाऊन. "अहो काका," साहेब म्हणाले, "जूनमध्ये तपासणी होतीच. तोवर कुणाला कळलंही नसतं." काका म्हणाले, "कळलं नसतं, म्हणूनच आलो." साहेबांनी सांगितलं की टेबल सोडावं लागेल. काका म्हणाले की ते मी सकाळीच पुसून ठेवलंय.

बिघडलेलं साधन कपाटात ठेवायचं असा नियम, म्हणून काका तिथून स्टोअरमध्ये जाऊन बसले आणि कुणी बोलावलं तरी बाहेर येईनात. जेवणाचा डबाही तिथंच. आम्ही सहा जणांनी पाच दिवस माल तपासला. गोडाऊनमधला निर्दोष निघाला. मग मला आणि दोघांना गिऱ्हाइकाकडे धाडलं. निघताना मी खोलीवर जाऊन पेटी उघडली, लाल लेबलाची ती ॲल्युमिनियमची बॅटरी काढली आणि खिशाला अडकवली. चौथ्या दिवशी दुपारी एका नगाच्या पोकळीत मला ती चीर दिसली. केसाएवढी. मी बॅटरी तीनदा पुसून तीनदा बघितलं. एवढ्या मालात तेवढा एकच निघाला. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि काकांना सांगायला स्टोअरमध्ये गेले, "काका, एकच हो, फक्त एक." काकांनी तो नग हातात घेतला. त्यांना चीर दिसणार नव्हती हे आम्हाला माहीत होतं. ते बोटानं तो नुसता चाचपत राहिले. "ब्रेकवर पाय तरी एकच असतो, साहेब," असं म्हणाले.

मोतीबिंदू होता. बार्शीला दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि दोन महिन्यांनी काळा चष्मा लावून काका परत आले. चहासुद्धा न घेता त्यांनी खाटेखालची पेटी ओढली आणि दिवाळीनंतरच्या अकराही बॅटऱ्या पुन्हा तपासल्या. आठ पास झाल्या. त्या आठ त्यांनी घरोघरी जाऊन मालकांना दिल्या, आणि प्रत्येकाला सांगितलं की चूक तुमच्या बॅटरीची नव्हती, माझी होती. आक्का त्यांना म्हणाल्या, "आवो, येवढं काय त्यात? डोळं हायेत, बिगडायचंच." उरलेल्या तिन्हींची बटणं पेटीत पडून पडून अडकायला लागली होती, त्या नापासच राहिल्या. माझ्या वडिलांची तर डोळे चांगले असतानाच नापास झाली होती, तिचा प्रश्नच नव्हता. ॲल्युमिनियमच्या बॅटरीला मात्र त्यांनी नवं हिरवं लेबल बांधलं, आणि बांधताना तिच्या पाठीवरून अंगठा फिरवला. साहेब त्यांना टेबल परत द्यायला तयार होते. काकांनीच नको म्हटलं. दुरुस्त केलेलं गेज ब्रेकच्या मालाला लावत नाहीत, दुय्यम कामाला लावतात, असा नियम आहे म्हणे. शेवटची दोन वर्षं ते गेजच्या खोलीत बसून गेज देत-घेत राहिले, आणि त्यांचं टेबल माझ्याकडे आलं. तिथं बसल्यावर पहिला महिनाभर मी प्रत्येक नग दोनदा बघत होतो.

ते निवृत्त होऊन बार्शीला निघाले तेव्हा मी त्यांना पोचवायला पिरंगुटला गेलो. पत्र्याची पेटी मीच उचलली होती. एसटी आली. काकांनी खिशातून ॲल्युमिनियमची बॅटरी काढून माझ्या खिशाला अडकवली आणि मला वाकायला लावलं. मी रस्त्यात सगळ्यांसमोर वाकलो. बॅटरी पडली नाही. "ठीक," ते म्हणाले. ते पायरीवर चढल्यावर दोन वर्षं ओठांवर असलेलं मी विचारून टाकलं, "काका, माझं ते पिवळं लेबल?" काका खिडकीशी बसले, काच सरकवली. "होल्डचा माल ज्यानं थांबवला त्यानंच सोडायचा असतो," ते म्हणाले, "पण मी आता रिटायर झालो. आता तुझं तूच तपास. घाई करू नको."

बॅटरी अजून माझ्या खिशाला असते. तिचे सेल मी बदलतो, आणि दर दिवाळीला डोळे तपासून घेतो. उरवड्याची खोली सुटली, खाट विकली, पण दांडीचं ते लेबल मी सोडवून आणलं. आता ते तपासणीच्या टेबलाच्या खणात आहे. खण आतून काळोखा आहे, त्यामुळे ते बघायचं तर बॅटरी लावावी लागते. संध्याकाळचा माल पास करून सही करण्याआधी मी रोज ती लावतो आणि त्यांचं ते तिरकं अक्षर वाचतो. होल्ड अजून मी सोडलेला नाही.